फक्त हवा भरणे

को ताओ बेट, थायलंड
सोमवार, १९ मे २०२५

दामू,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची आपल्याकडं रीत आहे. मी लिहिणार नाय.

हो, मीच. तुझी सकूताई, जी सापगावाहून फार तर कल्याणपर्यंत गेलेली, ती आज सकाळी बोटीतून ह्या बेटावर उतरली. म्हैस विकली आणि आले. सोबत मनस्वी आहे, इंग्रजी तीच बोलते. आणि एका पिशवीत तू प्रज्वलला आणून दिलेलं ते सामान आहे. जाकीट, काच, तोंडात धरायचं ते रेग्युलेटर. टाकी घरीच ठेवली, विमानात घेत नाय म्हणाले.

तुझा नंबर मी बंद केला होता, ते खरं. आता तू नंबरच बदललास. म्हणून हे पत्र दुकानात ठेवून जाते. ह्या बेटावर दर तिसरं दुकान पाण्यात बुड्या मारायला नेणाऱ्यांचं आहे, कुणीतरी तुझ्यापर्यंत पोचवेलच.

मला काय पाहिजे ते आधीच सांगते, मागनं ताईनं सांगितलं नाय म्हणू नको. जुलैत माझ्या प्रज्वलचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी तू सगळ्या भावकीसमोर उभा राहायचं आणि बोलायचं, की माझ्या भाच्याला मी मारलं, माझ्या कुजक्या सामानानं मारलं. तू सहजासहजी बोलणार नायस. म्हणून तुझ्याच धंद्यातल्या माणसांकडून मी कागद घेणार आहे, की हे सामान खराब होतं. कागद घेतल्याशिवाय मी ह्या बेटावरून हलत नाय.

आज पहिलं दुकान केलं. तू फोटो टाकायचास ना, निळ्या पाटीचं, तेच. भिंतीवर तुझा फोटो अजून आहे, सगळे दात बाहेर. खाली लिहिलंय ‘डॅन’. अरे दामू सखाराम, डॅन कधीपासून झालास? बापानं ठेवलेलं नाव पाण्यात विरघळलं का? तू काम सोडून गेलास म्हणाले. कुठं गेलास ते सांगेनात.

काऊंटरवरच्या बाईनं माझ्यापुढंच फॉर्म ठेवला. दमा आहे का, काळजाचा त्रास आहे का, कधी शुद्ध हरपली होती का. तिला वाटलं ही लुगड्यातली म्हातारी बुडी मारायला आलीय. मी मनस्वीला म्हटलं, सांग तिला, काळजाचा त्रास आहे, पण ह्याच्यावर तुमच्याकडं औषध नाय.

मंग तांबड्या दाढीचा एक गोरा आला. त्यानं रेग्युलेटर हातात घेतलं, जरा फिरवलं. मेला वस्तूकडं कमी आणि पोरीकडं जास्त बघत होता. तिच्याशी हळू हळू कायतरी बोलला. मनस्वी म्हणाली, “आई, तो म्हणतो हे जुनं झालंय. आतून बिघडलेलं असणार.”

ऐकलंस? तुझ्याच दुकानातला माणूस म्हणाला. पहिल्याच दुकानात, पहिल्याच दिवशी.

आणि रेश्माचं तुला कळलं नसेल तर मीच कळवते. तुमचं ठरलेलं लग्न मी मोडलं. मुरबाडला तिच्या घरी मी स्वतः गेले, पाण्याला शिवले नाय, आणि तिच्या बापाला म्हटलं, पोरगी विहिरीत ढकला पण ह्या खुन्याला देऊ नका. मार्गशीर्षात तिचं दुसरीकडं लावून दिलं. पाचवा महिना लागलाय तिला. ही बातमी तुला देताना मला बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

सकू

*

मंगळवार, २० मे

दामू,

आज आणखी दोन दुकानं झाली. तिघांचं म्हणणं एकच, सामान खराब. देव आहे म्हणायचा.

दुसऱ्या दुकानात बाई होती. तिनं रेग्युलेटर नीट उघडलंसुद्धा नाय, नुसती मान हलवली आणि मनस्वीच्या पाठीवरून हात फिरवला. आमच्या पोरीला दया दाखवतात, आणि आईला साधी खुर्ची पण देत नायत. तिसऱ्या दुकानात मागच्या बाजूला मशीन धडधडत होतं, त्यावर टाक्या भरत होते. गिऱ्हाईक उतरायच्या आधी टाकीचा खटका जरा उघडून त्याला हुंगायला देतात. मी विचारलं, हे काय? मनस्वी म्हणाली, “हवा आहे. तेलाचा वास येतो का बघतात.” मी म्हटलं, गोऱ्यांना पण नुसती हवाच भरतात होय? मला वाटलं ह्यांना तरी काय चांगलं देत असतील. तर पोरीला एकदम चक्कर आली. बाहेर जाऊन पायरीवर बसली. ऊन फार आहे इथं.

त्या हवेवरून तुझी चिठ्ठी आठवली आणि डोकं पुन्हा फिरलं.

गेल्या वर्षी शिमग्याला तू आलास, पिशवी उघडलीस, आणि माझं पोर आनंदानं नाचलं. अकरा मढी काढली होती त्यानं धरणातनं, वीस-बावीस वर्षांच्या पोरानं. कमरेला दोरी, हातात दगड, छातीत एक श्वास, बस. मुंबईकडची पोरं पावसाळ्यात मजा करायला येतात, बुडतात, आणि त्यांच्या आया काठावर लोळतात तेव्हा सगळे आमच्या दारात येतात, प्रज्वल कुठाय, प्रज्वल कुठाय. त्याच्या कानातनं रक्त यायचं. तू ते बघितलंस आणि म्हणालास, भाच्या, आता श्वास कोंडायचा नाय, पाण्यात बसून घ्यायचा. मीच रडले तेव्हा. तुझ्या पाठीवर हात ठेवला होता.

आणि जाताना काय केलंस? टाकीच्या गळ्याला पुठ्ठा बांधलास. तुझ्या हातचं अक्षर. ‘फक्त हवा भरणे. मी येईपर्यंत हात लावू नका.’ दिवाळीला येईन, मालवणला नेऊन भरून आणू, शिकवीन. वस्तू द्यायची आणि वर कुलूप लावायचं. आणि ‘फक्त हवा’! भिकाऱ्याला सांगावं तसं. आमच्या पोरांनी फुकटच्या हवेवर बुड्या मारायच्या, चांगलं ते तुमी तिकडं वापरायचं.

तुझं सगळं आयुष्यभर उशिराच. २०२१ च्या एप्रिलात, कोरोनात, आपला बाप, आबा, माझ्या पडवीत श्वासासाठी माशासारखा तोंड उघडत होता. शहापुरात ऑक्सिजन नाय, कल्याणला नाय. तू इथं बसून दहा जणांना फोन फिरवलेस, मोठा सिलिंडर पाठवलास. पोचला कधी? आबाला जाळून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. टेम्पोवाला विचारतो, पेशंट कुठाय? मी म्हटलं, पडवीत ठेव. तीन वर्षं तो तिथंच उभा होता, भरलेला, आबाच्या खाटेशेजारी. मी कुणाला हात लावू दिला नाय त्याला.

जुलैतलं तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. डोंबिवलीकडचं एक पोर बुडालं. चाळीस फूट पाणी. प्रज्वल आणि त्याचा जोडीदार अक्षय, दोघांनी तीन-तीन बुड्या मारल्या, हाताला लागेना. मंग प्रज्वल घरी आला, सामान घ्यायला. मी नको म्हणत होते. पोर ऐकलं नाय. टाकी टंच भरलेली होती, काटा मी स्वतः बघितला, तेव्हा हवा संपली असेल असलं काय सांगू नको. जूनमध्ये आपल्या विहिरीत बसून बघितलं होतं त्यानं अर्धा तास. पुरुषभर पाणी होतं. हसत वर आला. म्हणजे टाकी चांगली होती. बिघडलं ते तुझं यंत्र.

मढं काढून आलेल्या पोराला आई तसाच घरात घेत नाय, तुला ठाऊक आहे. दारात उभा करते, उंबऱ्याच्या आतून त्याच्या डोक्यावर कळशी ओतते, मंग तो आत येतो. अकरा वेळा ओतली मी. त्या दिवशी पण कळशी भरून उंबऱ्याशी बसले होते. अक्षय आला. एकटा.

रेग्युलेटरच्या रबरावर माझ्या पोराचे दात उठलेत. दोन्ही बाजूंनी आरपार चावलंय. हवा मिळत नाय म्हणून चावत होता तो, तुझ्या वस्तूला चावत होता. ते रबर मी रोज हातात घेते. तू पण घे एकदा.

सकू

*

बुधवार, २१ मे, संध्याकाळ

दामू,

आज कागद मिळाला नाय. मिळाला नाय कारण मनस्वी मागायलाच तयार नाय.

सकाळी म्हटलं, चल, तिन्ही दुकानांतून लिहून घेऊ, शिक्का मारून. तर म्हणते, “आई, ऐकलंस ना तू? झालं ना समाधान? आता घरी जाऊ.” मी म्हटलं, समाधान? कसलं समाधान गो? तुझ्या भावाला जाळलाय मी. कागदाशिवाय तुझ्या मामाला कोण धरणार? ती पुढं चालायला लागली. परत म्हटलं. ती चालतच राहिली. भर बाजारात मी तिच्या कानाखाली दिली. गोरे थांबून बघायला लागले. तिनं गालाला हात लावला नाय, रडली पण नाय. नुसती म्हणाली, “अजून मार, पण कागद मागू नको.”

हिला तूच फितवलंयस. तुझे दाजी गेल्यावर ह्या दोन पोरांना मी अंगणवाडीत खिचडी ढवळून वाढवलं, आणि पोरगी शेवटी मामाच्या बाजूनं. चांगलं आहे.

पण मी पण सखारामची लेक आहे. इथं धक्क्यावर एक नेपाळी भेटला, पिकलेल्या केसांचा. माझी पिशवी उचलून रिक्षात ठेवली त्यानं. हिंदी बोलतो, मला माताजी म्हणाला. बेटाच्या पलीकडच्या अंगाला एका दुकानात हेच सामान दुरुस्त करायचं काम करतो, महिन्यापूर्वीच आलाय. उद्या सकाळी मनस्वी उठायच्या आत मी त्याच्याकडं जाते. मला मधी कुणी नको. माझं हिंदी काय वाईट नाय, सगळ्या मालिका मला समजतात.

उद्या तुझा निकाल लागतो.

सकू

*

गुरुवार, २२ मे

दामू,

हे पत्र मी समुद्राच्या कडेला बसून लिहितेय. कागद मांडीवर धरलाय, अक्षर लागलं नाय तर राहू दे.

त्या नेपाळ्यानं सगळं नीट केलं. आधीच्या तिघांनी केलं नव्हतं तसं. रेग्युलेटर टाकीला जोडलं, काटा बघितला, बादलीत बुडवून बुडबुडे बघितले. मंग स्वतःच्या तोंडात धरून श्वास घेतला. स्क्रू काढून एकेक भाग फडक्यावर मांडला, भिंग लावून बघितला. मी समोर बसून. अर्ध्या तासानं म्हणाला, “माताजी, इसमें कोई खराबी नहीं. मेरे वाले से अच्छा है. जिसने दिया, दिल से दिया.”

मी भडकले. म्हटलं, तीन दुकानवाले खोटे आणि तू एकटा खरा? किती दिलेत तुला दामूनं? तो म्हणाला, कोण दामू?

मंग त्याचं लक्ष त्या रबराकडं गेलं. आरपार गेलेल्या दातांवर त्यानं बोट फिरवलं. आणि वर न बघता विचारलं, “लड़के को झटके आए थे क्या?”

दामू, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाय, तुला नाय. अक्षय मला म्हणाला होता, “काकी, दोरी माझ्या हातात होती. ती ओढली नाय त्यानं. ती थरथरली, करंट लागल्यासारखी.” मी अक्षयला म्हटलं होतं, हे परत तोंडातनं काढशील तर माझ्या दारात पाय ठेवू नको.

मी नेपाळ्याला म्हटलं, हो. आले होते.

“टंकी में क्या भरा था?”

आणि मी सांगितलं. मान वर करून सांगितलं, दामू. म्हटलं, आमी हवा नाय भरली. ऑक्सिजन भरला, शुद्ध, आजारी माणसाला देतात तो.

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. विचारलं, किती खोल? मी म्हटलं, चाळीस फूट. मंग तो बोलायला लागला, हळू, लहान पोराला सांगतात तसं. ऑक्सिजन दवाखान्यात चांगला. पुरुषभर पाण्यात पण काय होत नाय. पण वीस फुटांच्या खाली पाण्याचा दाब पडला की तोच शुद्ध ऑक्सिजन विष होतो. डोक्यात झटका येतो, मिरगी आल्यासारखा. जबडा बंद होतो. मंग माणूस पाण्यातच बुडून मरतो, तोंडात चांगलं यंत्र असताना. म्हणून सगळे साधी हवा भरतात. गोऱ्यांना पण, राजाला पण.

विहिरीत पुरुषभर पाणी होतं.

तो म्हणाला, “किसने भरा?” आणि मी, तुझी ताई, म्हणाले, “गॅस एजन्सीवालेने.” परक्या मुलखात, परक्या माणसापुढं, कारण नसताना खोटं बोलले. तो म्हणाला, “तो उसी ने मारा, माताजी. सामान ने नहीं.”

त्यानं सगळे भाग परत जोडले, पुसले, पिशवीत घालून दिले. मजुरी घेतली नाय. वर कागद पण लिहून दिला, मी मागितला होता ना. ‘सामान उत्तम आहे.’ शिक्का मारून.

*

तोच दिवस, नंतर

एजन्सीवाल्यानं नाय भरला. कुणीच भरून देत नव्हतं. मुरबाडच्या देवराम लेथवाल्याकडं मी गेले, दोन्ही तोंडं बसतील असा पितळी जोड करून घेतला. पंप आहे शेताचा, असं सांगितलं त्याला. आबाच्या सिलिंडरला तो जोड लावला आणि पडवीत बसून टाकी भरली. विहिरीत जायच्या आधी एकदा, नंतर एकदा. मनस्वीनं पाना धरला होता. प्रज्वल म्हणाला, “आई, मामानं हवा लिहिलंय.” मी म्हटलं, तुझा मामा आपल्याला जन्मभर हवेवरच ठेवणार. हा तुझ्या आबाच्या वाट्याचा श्वास आहे, वाया गेलेला, तो तू घे. पुठ्ठा मी चुलीत घातला.

आणि मी नको म्हटलं नव्हतं. त्या दिवशी सामान घ्यायला तो आलाच नव्हता, नुसता पाणी प्यायला आला होता, दमलेला. म्हणाला, राहू दे, उद्या मढं आपणच वर येईल. मीच म्हटलं, ती आई तिकडं लोळतेय आणि तू उद्याचं बोलतोस? आपल्याकडं काय आहे ते सगळ्यांना दिसू दे. जाकीट मी त्याच्या खांद्यावर चढवलं. पट्टा मी ओढला.

तो पितळी जोड मी तिसऱ्या दिवशी विहिरीत टाकला. तेव्हा कुणी काय बोललं नव्हतं. ऑक्सिजनचं मला काय ठाऊक नव्हतं. तरी टाकला. का टाकला ते मी आज पहिल्यांदा स्वतःला विचारलं.

*

शुक्रवार, २३ मे

दामू,

रात्री मनस्वीला समोर बसवलं आणि विचारलं. सगळं बोलली.

म्हणाली, प्रज्वल गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तू तिला फोन केलास आणि एकच विचारलंस, टाकीत काय भरलं होतं? तिनं सांगितलं. मंग तिला शपथ घातलीस, ताईला हे कधी कळता कामा नये, तिला माझ्यावर ओरडू दे. आमचं तिकीट निघालं तेव्हा तिनं तुला कळवलं, आणि तू ह्या तीन दुकानांत जाऊन हात जोडलेस. एक बाई येईल, पिशवी घेऊन. तिला सांगा सामान खराब होतं. तीन दुकानांची नावं तिच्या फोनमधल्या नकाशात तूच टाकून दिलीस. नेपाळी नवीन, म्हणून त्याला सांगायचं राहिलं.

वीस वर्षांची पोर, दामू. पाना हिनं धरलेला. दहा महिने हिनं ते पोटात ठेवलं, माझ्या तोंडून रोज तुला शिव्या ऐकल्या, आणि परवा वर कानाखाली खाल्ली.

पहाटे ती मला तिथं घेऊन गेली. तू ज्या दुकानाच्या मागं बसतोस तिथं. कंप्रेसरजवळ, शेडमध्ये. मी माडाच्या आड उभी होते. तू आता पाण्यात उतरत नायस म्हणाली. नुसत्या टाक्या भरतोस. मी बघितलं, प्रत्येक टाकीचा खटका उघडून तू नाक लावतोस, काटा बघतोस, आणि गळ्याला पुठ्ठा बांधतोस. केस सगळे पांढरे झालेत तुझे. चाळिशीसुद्धा झाली नाय अजून तुझी.

हाक मारली नाय. हाक मारून काय बोलणार होते? रेश्माला परत आणू? तिच्या पोटातलं पोर मागं सारू?

पण माझा राग गेलेला नाय, हे पण ऐक. तू कोण रे लागून गेलास मला वाचवणारा? मोठा देवमाणूस. ताई अडाणी, तिला झेपायचं नाय, तिला खोट्यावर जगवू. अरे, त्या खोट्यावर मी दहा महिने जेवले! तुझ्या नावानं बोटं मोडायची म्हणून सकाळी उठत होते. भावकीत तुला खुनी केला, शेजारच्या बाईजाच्या घरच्या हळदीत तुझं नाव निघालं तर ताट फेकलं, तुझं लग्न जाळलं, आणि तू तिकडं बसून गप्प. एकदा ओरडायचंस माझ्यावर. एकदा म्हणायचंस, सकू, तू मारलंस. रेश्मा तरी वाचली असती. तुझ्या गप्प बसण्यानं मला आणखी पाप करायला मोकळं रान मिळालं. हे तुझ्या खात्यावर आहे, माझ्या नाय.

लिहून झाल्यावर वाचलं. बघ, अजून तुझ्यावरच ढकलतेय. असलीच आहे मी.

मला माफ करू नको. मनात केली असशील तर काढून घे. तुझी माफी पण सिलिंडरसारखी उशिरा येईल आणि माझ्या पडवीत उभी राहील. नको मला ती.

मला दुसरं काय पाहिजे? पहिल्या पत्रात लिहिलं होतं तेच, फक्त माणूस बदललं. जुलैत वर्षश्राद्धाला सगळी भावकी जमेल. अक्षय येईल, देवराम लेथवाल्याला मी स्वतः मुरबाडला जाऊन बोलावीन, रेश्माच्या बापाला पण. त्यांच्यापुढं मी उभी राहीन आणि बोलेन. पुठ्ठ्यावर काय लिहिलं होतं ते, आणि मी काय भरलं ते. मनस्वीनं पाना धरला हे मात्र बोलणार नाय, आणि तू पण बोलायचं नाय. तेवढं एक खोटं दोघं मिळून ठेवू.

पोलिसांत जायचं ते पण मीच जाईन. कुणी सोबत नको.

सामान तुझ्या शेडच्या दाराशी ठेवलंय, नेपाळ्याच्या कागदासकट. ते रबर तेवढं काढून घेतलंय. ते माझं आहे.

बोलून झालं की मी घरात जाणार नाय. बाहेर अंगणात उभी राहीन, मढं काढून आलेल्यासारखी. मनस्वी कळशी भरून उंबऱ्याच्या आत ठेवील. आई नाय, बाप नाय, ज्याच्या डोक्यावर मी ओतायची तो नाय. तू ये. आलास तर उंबऱ्याच्या आत तू उभा राहा. माझ्या डोक्यावर पाणी ओतायचं का दार लावून घ्यायचं, ते तुझ्यावर.

सकूताई